पानं किती?

मंगल कार्यालयाच्या ऑफिसात लग्नघरची मंडळी जाऊन बसली की त्यांना थीमचं कुणी विचारत नाही. टेबलावर पंचांग असतं, बुकिंगची वही असते, आता तिच्या जोडीला संगणकही असतो, आणि व्यवस्थापकाचे प्रश्न दोनच असतात. तारीख कुठली, आणि पानं किती? नवरीच्या मोबाइलमध्ये तोवर पिंटरेस्टवरून उतरवलेले फिकट गुलाबी मांडव, फुलांचे झोके, झाडाला टांगलेले कंदील असा मोठा ऐवज जमलेला असतो. तो दाखवायची वेळ तासाभरानं येते, विसार देऊन झाल्यावर.

हा क्रम अनुभवातून आलेला आहे. पानांचा आकडा कळला की बाकीचं सगळं त्यातून निघतं. हॉल केवढा लागेल, पंगत बसवायची की बुफे, वाढपी किती, गाड्या कुठे लावायच्या, बायकांच्या स्वच्छतागृहापाशी रांग लागेल का. करारात ‘किमान पानं’ नावाचं एक कलम असतं. तीनशेची हमी दिली आणि अडीचशेच जेवले, तरी पैसे तीनशेचे. चारशे आले, तर वरची शंभर मोजून लावली जातात, आणि ती मोजायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उष्ट्या ताटांच्या ढिगाशेजारी उभा राहतो. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. खर्च खरोखर उतरवायचा असेल तर यादीतली नावं खोडणं हा एकच जालीम उपाय आहे, आणि नेमका तोच कुणाच्या हातून होत नाही. आत्याच्या सासरच्यांना कसं वगळणार? ऑफिसातल्या चौघांना बोलावून पाचव्याला कसं टाळणार? त्यामानानं फुलांचा रंग बदलणं सोपं असतं. म्हणून घराघरांत चर्चा रंगते ती फुलांच्या रंगावर.

तारखेचं दुखणं निराळं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास बहुतेक घरांत लग्नाला वर्ज्य. तुळशीची लग्नं लागली की मग माणसांची सुरू. त्यात गुरू किंवा शुक्र अस्ताला गेला की मुहूर्त आणखी आटतात. २०२४ च्या मे महिन्यात तर दोघेही एकदम अस्ताला गेले होते. शाळांना सुट्टी, परदेशातला भाऊ यायला मोकळा, आणि पंचांग मात्र हात वर करून बसलेलं. अशा वेळी गुरुजी ‘काढीव मुहूर्त’ देतात. ही सोय जुनीच आहे, पण आता ती उलट्या बाजूनं वापरली जाते. आधी मनात भरलेलं रिसॉर्ट कोणत्या शनिवारी रिकामं आहे ते बघायचं, आणि मग त्या शनिवारातला मुहूर्त काढायला सांगायचं. गुरुजीही समंजस झाले आहेत. ते आधी विचारतात, हॉल किती वाजेपर्यंत आहे?

लग्न मुलीच्या दारात लागायचं तेव्हा यातला एकही प्रश्न नव्हता. जागा ठरलेली होती. अंगणात मुहूर्तमेढ रोवली जायची, वर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या पडायच्या, वऱ्हाडाचा जानवसा गल्लीतल्याच कुणाच्या तरी घरी असायचा आणि विहीणबाई तिथूनच रुसायच्या. मांडव कसा दिसावा हे ऋतू आणि परसातली झाडं ठरवत. मुंबई-पुण्यात बिऱ्हाडं दोन खोल्यांची झाली आणि अंगण गेलं, तेव्हा हॉल आले. गिरगावातली ब्राह्मण सभा, दादरचा वनमाळी हॉल, पुण्यात कर्वे रस्त्यालगतची कार्यालयं. या कार्यालयांनी मराठी लग्नाचा एक साचा पक्का केला. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी रुखवताचं टेबल, दुपारी जिलेबी-मठ्ठ्याची पंगत, चार वाजता झाल आणि पाचला हॉल खाली. कोठीच्या खोलीची किल्ली एखाद्या खमक्या मावशीच्या कमरेला. स्टेजवर दोन लाल मखमली खुर्च्या आणि मागे थर्माकोलची अक्षरं. सगळ्यांची लग्नं सारखीच दिसत. वेगळेपणा असेल तो रुखवतात. कुणी रव्याच्या लाडवांचा डोंगर रचला, कुणी बाहुल्यांची अख्खी सप्तपदी मांडली. त्या सारखेपणात एक दिलासा होता असं मला अजून वाटतं. कारकुनाच्या मुलीचं लग्न आणि त्याच्या साहेबाच्या मुलीचं लग्न एकाच खुर्च्यांवर होत होतं.

थर्माकोलची अक्षरं २०१८ च्या प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीनं कागदोपत्री गेली. पण साचा त्याच्या आधीच मोडायला लागला होता. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यात चौदा गाणी होती आणि बहुतेक घरातल्या समारंभांचीच होती. त्यानं मराठी घरांना संगीताची संध्याकाळ दिली, नवऱ्याचे जोडे पळवायचा खेळ दिला. कानपिळीचा मान एकट्या भावाचा होता, जोडे पळवणं सगळ्या बहिणींना मिळालं, त्यामुळे ते झपाट्यानं रुजलं. मेंदी एक दिवस, हळद एक दिवस, संगीत एक संध्याकाळ, असं लग्न तीन दिवसांवर पसरलं आणि अर्ध्या दिवसाचं कार्यालय त्याला अपुरं पडू लागलं. मग आली लॉन्स, फार्महाउसं, कर्जत-अलिबागची रिसॉर्टं. आणि रिकामं लॉन म्हणजे नुसतं गवत. हॉलला निदान भिंती होत्या. ज्या जागेला स्वतःचा चेहरा नाही तिला थीम लागते. लोकांच्या हौसेला उगाच नावं ठेवली जातात. या धंद्याचं मूळ गवतात आहे.

मराठी लग्नांत सगळ्यात मागणी असलेली थीम म्हणजे वाडा. प्लायवुड आणि फायबरची महिरप, रंगानं सागवानी केलेले खांब, तुळशीवृंदावन, पितळी समया, बंगई, पैठणीच्या काठांची तोरणं. नवरदेवाला पगडी आणि शेला, नवरीला शिवलेली नऊवारी, नथ, चंद्रकोर. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पैठणीला त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींना लग्नाच्या बाजारानं जेवढा हात दिला तेवढा मानांकनानं दिला असेल का, शंका आहे. गंमत अशी की सदाशिव-नारायण पेठेतले खरे वाडे पाडून ज्यांनी अपार्टमेंटं घेतली, त्यांच्या नाती आज पाच तासांसाठी भाड्यानं वाडा उभा करून घेतात. आजीला खरा वाडा आठवतो. मोरी सामायिक होती, जिना अंधारा होता आणि पाणी पहाटे यायचं. सेटमध्ये यातलं काही नसतं, आणि नसावंच.

याच थीमला जरा जास्त पैसे लावले की ती ‘पेशवाई’ होते. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. उरले ते तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. दिवाणखाना पाहिलेला माणूस आज असणं शक्यच नाही. तरी डेकोरेटरकडे ‘शनिवारवाड्यासारखं’ मागितलं की काय उभं राहणार ते सगळ्यांना माहीत असतं, कारण ते संजय लीला भन्साळींच्या २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’मध्ये सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आरशांचे महाल, उंच कमानी, हंड्या-झुंबरं. पेशवाई थीम ही खरं तर भन्साळी थीम आहे. खरी मराठी वाड्याची घडण बघायची तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, पुण्यात विश्रामबागवाडा आहे. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, बसकी तुळई, आतल्या बाजूला तोंड करून बसलेले चौक. देखणं आहे, पण दिमाखदार नाही. फोटोत फार भरत नाही. ड्रोनमधून तर छपराशिवाय काहीच दिसायचं नाही.

काही लग्नांना मात्र डेकोरेटर लागत नाही, कारण तिथं रंग श्रद्धेतून किंवा विचारातून आलेला असतो. बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, आणि त्रिशरण-पंचशील. तिथला पांढरा कुठल्या पॅलेटमधून निवडलेला नसतो. सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिलं लग्न लावलं तेव्हा भटजी नव्हते, मानपान नव्हतं. साधेपणा हाच मुद्दा होता. आज ‘साधेपणा’ हीसुद्धा एक थीम मिळते. मातीचे माठ, बाज, बैलगाडी, चुलीवरच्या भाकऱ्या, आणि बैलगाडी आणायला ट्रक. तिचं बिल वाड्याच्या बिलाहून कमी येईल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

थीम आणि विधी यांची गाठ पडते तेव्हा बहुधा विधी जिंकतो, पण रडकुंडीला आणून. सगळी सजावट पांढऱ्या-मोतिया रंगाची ठरवावी आणि ऐन विधीला पिवळीधमक अष्टपुत्री साडी नेसलेली नवरी हिरव्या चुड्यासह बसावी, मागे मामा, समोर अंतरपाट. फोटोग्राफर हताश, आजी खूश. वातानुकूलित बँक्वेट हॉलमध्ये लाजाहोमाची अडचण त्याहून मोठी. धुराची सूचना देणारी यंत्रं छतात बसलेली. काही हॉटेलं होम बाहेरच्या गच्चीत करायला सांगतात, काही ठिकाणी तळहाताएवढ्या कुंडात तीन समिधा टाकून भागवलं जातं. ज्यांच्या घरी सप्तपदीला महत्त्व आहे त्यांनी जागा बघायला जाताना पहिल्यांदा छताकडे बघावं. हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे सप्तपदी ज्या विवाहविधीत आहे तिथं सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. त्या पावलाला अग्नी लागतो, एलईडी वॉलवरचा चालत नाही.

आता पाऊस. लॉन घेणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की मे महिना म्हणजे कोरडा. वळीव आला तरी अर्ध्या तासाचा. २०२५ च्या मे महिन्यानं हा समज धुऊन नेला. राज्यभर महिनाभर पाऊस झाला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो आल्याची आधी नोंद नव्हती. त्याच महिन्यात पुण्यात वानवडीला जे घडलं ते देशभर बातम्यांत आलं. एका लॉनवर संध्याकाळच्या मुहूर्तावर हिंदू लग्न लागायचं होतं. पाहुणे जमले, सजावट झाली आणि मुसळधार पाऊस सुरू झाला. शेजारच्या हॉलमध्ये एका मुस्लिम कुटुंबाचा वलीमा चालू होता. लग्नघरच्यांनी जाऊन थोडी जागा मागितली. त्या कुटुंबानं आपलं स्टेज रिकामं करून दिलं, त्यांचे पाहुणे मदतीला धावले, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि मग वलीमा पुढे सुरू झाला. दोन्हीकडचे पाहुणे तिथंच जेवले आणि दोन्ही जोडप्यांनी एकत्र फोटो काढला.

बातम्यांत ही गोष्ट सलोख्याची म्हणून आली आणि ती तशी आहेच. पण लग्न ठरलेल्या घरांनी ती दुसऱ्या अंगानंही वाचावी. मंगलाष्टकं दुसऱ्यानं निवडलेल्या रंगांच्या पडद्यासमोर झाली, आणि तो पडदा कुठल्या रंगाचा होता हे बातम्या वाचलेल्यांपैकी कुणाला सांगता येणार नाही. छप्पर होतं, एवढं सगळ्यांना आठवतं. लॉनबरोबर छताखालची जागा त्याच भाड्यात मिळते का, त्या दिवशी ती दुसऱ्याला दिली जाते का, पावसात पैसे परत की नाही, हे तीन प्रश्न मूडबोर्डच्या आधी विचारायचे आहेत. तोंडी उत्तर चालत नाही, कागदावर घ्यावं.

लग्नाचं स्थळ म्हणून गोव्याचं वेड मला समजतं, पण गोव्यात लग्नाला जाणं ही मराठी माणसासाठी नवी गोष्ट आहे असं भासवलं जातं ते खरं नाही. मुंबई-पुण्यातली कित्येक सारस्वत घरं पिढ्यान् पिढ्या लग्नं लावायला कुलदैवताकडे जात आली. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा. देवळाचं सभागृह, राहायला अग्रशाळा, जेवण शाकाहारी, आणि सजावट म्हणजे दीपमाळ, तळी आणि मागचं कुळागर. यातल्या मंगेशाला तर १५६० साली पोर्तुगीजांच्या भीतीनं कुठ्ठाळीहून हलावं लागलं. स्थळ बदलण्याची वेळ तिथं देवावरही आलेली आहे.

समुद्रकाठच्या लग्नाचं गणित वेगळं. सूर्यास्ताला वरमाला, रात्री नाच, ही मूळ कल्पना. पण ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांसाठी, एखाद्याच्या मेहुणीच्या नाचासाठी नव्हे. म्हणून दहानंतर पाहुण्यांना हेडफोन वाटले जातात आणि वाळूवर शंभर माणसं नि:शब्द नाचतात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे तर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे आहेत आणि विणीचा हंगाम बराचसा लग्नसराईतच पडतो. तिथं दिवे आणि आवाज यांवर आणखी बंधनं येतात. गाण्यांचा परवाना हा आणखी एक फास. लग्नात वाजवलेल्या गाण्यांना स्वामित्वधन लागत नाही, कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात तशी सूट आहे, असं केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये जाहीर केलं. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. कलम जागच्या जागी आहे, पण कुठल्या समारंभाला ते लागू पडतं याचा वाद मिटलेला नाही. तेव्हा हॉटेलनं आयत्या वेळी परवान्याचा कागद मागितला तर डीजेवर ओरडून उपयोग नाही. तो कुणी काढायचा हे आधी ठरवावं.

किल्ल्यांचं एक प्रकरण मराठी वाचकांच्या लक्षात असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हेरिटेज हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी भाडेपट्ट्यानं देण्याचा बेत असल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत गदारोळ उठला. छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित किल्ल्यांना हात लागणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. राजस्थानात किल्ल्यात लग्न होतं तर इथं का नको, असं तेव्हा काहींनी विचारलं होतं. तिथले अनेक महाल संस्थानिकांच्या खासगी मालकीचे आहेत, आणि आपले किल्ले बहुतेक उघडे, डोंगरमाथ्यावरचे, युद्धाचे. तिथं वऱ्हाडानं चढायचं म्हटलं तर निम्मं वऱ्हाड अर्ध्या वाटेवर टाक्याचं पाणी पीत बसेल. शिवकालीन थीम त्यामुळे पायथ्याच्या लॉनवरच होते. फायबरचा महादरवाजा, तुतारी, मावळ्यांच्या वेशातली भाड्याची मुलं, आणि मधून बुलेटवर नवरा. मला हे पाहवत नाही. ज्यांना पाहवतं त्यांच्याशी माझं भांडण नाही.

थीमचा जो खर्च कुणाच्या हिशेबात धरला जात नाही तो पाहुण्यांचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फर्मान येतं. हळदीला पिवळा, संगीतला वाइन, लग्नाला पैठणी, रिसेप्शनला पेस्टल. घरातली एखादी काकू, जिच्याकडे एकच पैठणी आहे आणि तीही वहिनीनं गेल्या लग्नात पाहिलेली, ती या ग्रुपवर अंगठा उमटवून गप्प बसते. माणसांना सजावटीचा भाग करणं मला बरं वाटत नाही. आहेर आणू नये असं पत्रिकेत छापायचं आणि चार रंगांचे कपडे आणायला लावायचे, यात आहेर परवडला.

लग्नघरातली सगळी धावपळ अंगावर घेणाऱ्या पुलंच्या नारायणाची आठवण काढल्याशिवाय मराठीत लग्नावर लेख लिहिता येत नाही, म्हणून काढून टाकतो. त्याच्या जागी आलेल्या वेडिंग प्लॅनरबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तीन दिवस, चार स्थळं आणि सहा पुरवठादार सांभाळणारा मामा आता घरात नाही. फक्त मेहनताना कसा ठरतो ते बघावं. ठरावीक रक्कम असेल तर ठीक. एकूण खर्चाच्या टक्क्यांवर असेल, तर खर्च कमी व्हावा असं वाटणारा माणूस त्या टेबलाभोवती फक्त वधूपिताच उरतो.

माणसं कमी करणं अशक्य नाही हे एकदा सिद्ध झालं आहे, पण सक्तीनं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात हुकूम होता. एकच हॉल, दोन तास, २५ माणसं, मोडलं तर ५० हजार दंड. लग्नं थांबली नाहीत. दंड गेला आणि याद्या पूर्वीपेक्षा लांब झाल्या. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर, तिच्या थाटामाटाच्या लग्नाची चर्चा झाल्यावर, अहिल्यानगरमध्ये मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरवली गेली. मोजके पाहुणे, डीजेला फाटा, प्री-वेडिंगच्या चित्रफितींचं जाहीर प्रदर्शन नको. पश्चिम महाराष्ट्रात ‘यादी पे शादी’ म्हणजे याद्या करायला बसलेल्या बैठकीतच अक्षता टाकून मोकळं होणं, ही रीत तर आधीपासून आहे. तिला स्थळ लागत नाही, थीमही नाही. ती बहुधा दुष्काळी वर्षात आठवते.

स्थळ दूरचं निवडणाऱ्यांसाठी शेवटची एक कामाची गोष्ट. महाराष्ट्रातल्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्न झाल्यापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. अर्जावर साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही लागते. कार्यालयातल्या लग्नात गुरुजी घरचे किंवा पलीकडच्या गल्लीतले, त्यामुळे कधी अडत नसे. रिसॉर्टनं ऐनवेळी गाठून दिलेले गुरुजी दुपारी पुढच्या मुहूर्ताला निघून जातात, आणि त्यांचा फोन नंबर असतो तो प्लॅनरकडे, ज्याचा हिशेब त्याच आठवड्यात मिटलेला असतो. अर्ज आधीच छापून बॅगेत ठेवावा, आणि सप्तपदी झाली की, दक्षिणा द्यायच्या आधी, सही घ्यावी.